कणगीतले बी आणि वहीतली नोंद



पेरणी तोंडावर आली की आपण पिशवीचे बी आणायला बाजाराची वाट धरतो. त्या बियाला मी नावे ठेवणार नाही. सुधारित वाणांनी आपले उत्पन्न वाढवले हे खरेच आहे. पण घरची म्हातारी माणसे राखेत घोळून जे बी जपत, ते आज किती घरांत उरले आहे?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या महादेव कोळी समाजातल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण गावठी भात, वाल, नागली यांचे बी कसे निवडावे आणि कसे राखावे, हे ज्ञान त्यांना घरीच मिळाले. बायफ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्यांना साथ दिली. बी गोळा झाले, नोंदी झाल्या, घरातच बियाणे बँक उभी राहिली. आजूबाजूच्या बायका बचत गटातून एकत्र आल्या. राहीबाईंना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली.

यातून घ्यायचे ते असे, की ज्ञान गावाचे, पारख गावच्याच रानात आणि फायदाही गावाला. बाहेरच्या कोणी माहिती लिहून नेली आणि गावाकडे कागदही राहिला नाही, तर ते संशोधन आपल्या काय कामाचे?

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि छापील नाममुद्रा न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. गावाने जपलेल्या वाणाची नोंदणीही करता येते. मात्र त्यासाठी माहिती लिहिलेली हवी.

तेव्हा एवढे करा. शाळेतल्या मुलांच्या हाती एक वही द्या. त्यांनी आजी-आजोबांना विचारून लिहावे : बियाचे नाव, पेरणीची वेळ, जमीन, पीक किती दिवसांत येते, चव, चारा, आणि बी मूळ कोणाकडून आले. मग शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजा. गुंठाभर जागेत गावठी आणि नवा वाण शेजारी शेजारी पेरा आणि दोन्हींचे दाणे व चारा तोलून वहीत मांडा. ज्या वर्षी पावसाने ओढ दिली, त्या वर्षीचा आकडा तर जरूर लिहा. शेवटी ते बी आणखी दोन घरांना द्या. एका घरचे किडले तरी दुसरीकडे राहील. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.

जाणते माणूस गेले की बियाचे नाव जाते, आणि वर्षानुवर्षे न पेरलेले बी कणगीतच मरते. दोन्ही गोष्टी पुन्हा विकत मिळत नाहीत. म्हणून वही या आठवड्यातच आणा.