यंत्राआधी नोंदवही

ज्या घराण्यांनी गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी अशा गावी दोन-दोन, तीन-तीन पिढ्या फोटोग्राफीचा धंदा सचोटीने केला आणि ज्यांच्या माळ्यावर काचेच्या व मोठ्या फिल्मच्या निगेटिव्हांच्या पेट्या अद्याप पडून आहेत, त्यांच्या विद्यमान वारसांपुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच: हा सारा संग्रह संगणकात उतरवून घेण्यासाठी व्यावसायिक दर्जाचा मोठा स्कॅनर विकत घ्यावा की न घ्यावा? वाडवडिलांच्या कामाला उत्तमोत्तम साधन मिळावे, ही त्यामागील इच्छा सर्वथा आदरणीय आहे. तथापि तो खर्च आज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणा एका स्टुडिओने तो करू नये आणि जिल्ह्यानेही करू नये. तोच पैसा व तेच श्रम प्रथम कोठे लागावेत, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

हा प्रश्न केवळ काही व्यावसायिकांच्या जमाखर्चाचा नाही, याचे कारण या जिल्ह्याच्या इतिहासात आहे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा म्हणून अस्तित्वात आला तो १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वी तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता, आणि तो भंडारा जिल्हाही प्रथम मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात, असा एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत जात राहिला. ज्या मुलखाची मालकी कागदोपत्री इतक्या वेळा बदलली, त्याचे दप्तरही साहजिकच ठिकठिकाणी विखुरले. मालगुजारीची पद्धत १९५१ साली संपुष्टात आली तेव्हा मालगुजाराच्या वाड्यातील माणसे कशी दिसत होती, धानाच्या गिरण्यांतील कामगार कोणते कपडे घालून फोटो काढावयास येत, मंडईच्या हंगामात झाडीपट्टीतील नाटकमंडळी रंग चढवून कॅमेऱ्यापुढे कशी उभी राहत, जबलपूरकडे जाणाऱ्या नॅरोगेजच्या गाडीवर चाकरी करणारा रेल्वेचा माणूस गणवेश घालून आपल्या कुटुंबासमवेत कोणत्या रुबाबात बसे, हे सरकारी दप्तरात शोधून सापडावयाचे नाही. त्याची साक्ष कोणी दिली असेल तर ती या जिल्ह्यातील स्टुडिओंनीच.

या साक्षीचे मोल समजण्यासाठी एका प्रसिद्ध ग्रंथाचे उदाहरण पुरेसे आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात छायाचित्रे आहेत. परंतु त्यांतील माणूस वाचकासमोर येतो तो बहुधा आपल्या जातीचा किंवा धंद्याचा नमुना म्हणून, स्वतःच्या नावाने नव्हे. याउलट गावच्या फोटोग्राफरकडे जो येई तो स्वखुशीने येई, स्वतःचे पैसे मोजी आणि स्वतःचे नाव वहीत लिहवून जाई. निगेटिव्हच्या काठावर कोरलेला क्रमांक आणि त्या क्रमांकासमोर वहीत लिहिलेले नाव या दोहोंचा मेळ बसला म्हणजे तो चेहरा एका जमातीचा नमुना राहत नाही. अमक्या गावचा, अमक्याचा मुलगा असा एक माणूस होतो. संग्रहाचा प्राण या मेळात आहे, आणि हे काम कोणत्याही किमतीचा स्कॅनर करू शकत नाही.

हाफ प्लेटची एखादी जुनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहावी, म्हणजे तिच्यात किती ऐवज आहे ते कळते. पावणेपाच बाय साडेसहा इंचांची ती काच हाताला जड लागते. कडेच्या अंगाला रुपेरी-निळसर झाक आलेली असते, ती इमल्शनमधील चांदी वर येऊन बसल्याची खूण होय. आणि भिंगाखाली चेहऱ्याकडे बारकाईने पाहिले तर गालावर आणि डोळ्यांखाली शिसपेन्सिलीच्या अतिसूक्ष्म रेघा दिसतात. त्या रेघा टचिंग करणाऱ्या कारागिराच्या. निगेटिव्हवरील फिकी जागा पेन्सिलीने किंचित गडद केली की कागदावरील ठशात तेथे उजळपणा येई आणि देवीचे व्रण किंवा सुरकुती सौम्य होई. ज्याचे नाव पाटीवर कधी लागले नाही अशा माणसाचे हे कसब त्या काचेवर शिल्लक आहे, म्हणून तिची प्रत उत्तम निघावी ही अपेक्षा रास्तच होय.

आता यंत्रांकडे वळू. या कामासाठी ज्यांची नावे घेतली जातात ती यंत्रे स्थूलमानाने तीन प्रकारची. पहिला ड्रम स्कॅनर, ज्यात फिल्म पारदर्शक नळकांड्यावर द्रवाच्या साहाय्याने चिकटवून वेगाने फिरवितात आणि अतिसंवेदनशील नलिका बिंदूगणिक प्रकाश मोजते. दुसरा हॅसेलब्लाडचा फ्लेक्सटाइट, ज्यात फिल्म लवचिक चौकटीत धरून कमानीसारखी वाकविली जाते. तिसरा काचेच्या पाटाचा, म्हणजे फ्लॅटबेड. एप्सनचा व्ही ८५० हा त्यातला सर्वपरिचित. पहिल्या दोहोंची कीर्ती यथार्थ आहे. परंतु दोघांचीही मूळ अट अशी की फिल्म वाकली पाहिजे, आणि काच वाकत नाही. ज्या संग्रहातील सर्वांत जुना व मौल्यवान हिस्सा काचेवर आहे, त्याच्यासाठी लाखो रुपये मोजून असे यंत्र आणावे की ज्यात तो हिस्सा घालताच येणार नाही, यात शहाणपण नाही. जुनी, आकसलेली, कडा ठिसूळ झालेली फिल्मही अशा यंत्रात वाकविण्याआधी दहा वेळा विचार करावा लागेल.

दुसरा मुद्दा घनतेचा. या महागड्या यंत्रांचे खरे सामर्थ्य अत्यंत गडद छायेतील तपशील वेगळा काढण्यात आहे, आणि त्याची गरज मुख्यत्वे रंगीत पारदर्शिकांना पडते, कारण त्यांची घनता साडेतीनच्याही पुढे जाऊ शकते. कृष्णधवल निगेटिव्ह सामान्यतः अडीचच्या आतच राहते, आणि तेवढे काम साधा पण चांगला फ्लॅटबेड नीट करतो. त्याच्या खोक्यावर इंचाला ६४०० बिंदू असे छापलेले असले तरी चाचण्यांत त्याची प्रत्यक्ष विभेदनशक्ती त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते, हे खरे. पण मोठ्या निगेटिव्हला एवढी शक्ती लागते कोठे? हाफ प्लेट इंचाला १२०० बिंदूंनी उतरविली तरी सुमारे साडेचार कोटी बिंदूंचे चित्र मिळते, आणि त्यातून एकोणीस बाय सव्वीस इंचांचा निर्दोष ठसा निघतो. स्कॅनरच्या भिंगाला जे काम पस्तीस मिलिमीटरच्या चिमुकल्या फिल्मवर झेपत नाही, ते मोठ्या काचेवर सहज झेपते, कारण निम्मे काम त्या काचेच्या आकारानेच आधी करून ठेवलेले असते.

त्याहूनही सोयीचा मार्ग आपल्या जिल्ह्याच्या हाताशी आहे. लग्नसमारंभ टिपणाऱ्या फोटोग्राफरकडे आज जो २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो, तो मॅक्रो भिंगासह स्टँडवर उभा बसवून, खाली एकसारखा शुभ्र उजेड देणाऱ्या पाटावर काच ठेवून तिचे चित्र घेतले, तर हाफ प्लेटच्या इंचामागे आठशेहून अधिक बिंदू मिळतात. तेरा बाय अठरा इंचांच्या ठशाला ते पुरे होतात. अधिक हवे असल्यास दोन भागांत चित्र घेऊन जोडता येते. स्कॅनरला एका काचेमागे काही मिनिटे लागतात, कॅमेऱ्याला एक क्षण. शिवाय काच कशावर घासली जात नाही. पाऊस सरून हवा कोरडी झालेली आहे आणि तुलसीविवाहानंतरची लग्नसराई अद्याप सुरू झालेली नाही, असा जो काळ दरवर्षी येतो, तो या कामाला सर्वथा अनुकूल आहे. भर पावसाळ्यात मात्र या पेट्यांना हात लावू नये, कारण दमट हवेत इमल्शनचे जिलेटिन मऊ पडते आणि कागदाला चिकटते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. हे काम पुन्हापुन्हा होणारे नव्हे. मग जे एकदाच करावयाचे ते सर्वश्रेष्ठ साधनानेच का करू नये? याचे पहिले उत्तर असे की यंत्राचे आयुष्य काचेपेक्षा फार थोडे आहे. फ्लेक्सटाइटचे उत्पादन २०१९ साली थांबले. ड्रम स्कॅनर आता बहुतांशी जुन्या बाजारातच मिळतात, त्यांच्या तारा व जोडण्या आजच्या संगणकाला लागत नाहीत, आणि त्यांना चालविण्यासाठी जुना संगणकही जतन करावा लागतो. असे यंत्र गोंदियात बिघडले तर त्याचा सुटा भाग कोठून आणावयाचा आणि कारागीर कोठून बोलवावयाचा, याची खातरजमा केल्याशिवाय रक्कम गुंतविणे म्हणजे एका अडगळीत दुसरीची भर घालणे होय.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. संगणकातील प्रत म्हणजे जतन नव्हे. मूळ निगेटिव्ह सुरक्षित राहिली तर पुढील पिढी तिची आजच्याहून सरस प्रत काढू शकेल. मूळ नष्ट झाली तर मात्र आजची प्रत हीच अखेरची ठरेल. पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा अमोल साठा जळून गेला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. आपल्या माळ्यांवरील फिल्मचीही प्रकृती तपासली पाहिजे. जिच्या काठावर ‘सेफ्टी’ असे अक्षर नाही ती जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे ज्वालाग्राही असू शकते. ती वेगळी ठेवावी. जिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ती अॅसिटेटची फिल्म कुजू लागलेली असते, तिची प्रत सर्वांआधी घ्यावी आणि तिला इतरांपासून दूर करावे. काचा आडव्या रचू नयेत. आम्लविरहित कागदात गुंडाळून लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात. इमल्शनच्या बाजूला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. पत्र्याच्या छपराखालील माळा हा या वस्तूंचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण वैशाखातील ताप आणि श्रावणातील ओल ही दोन्ही तेथे कमाल मर्यादेला पोचतात. खालच्या मजल्यावरील आतल्या खोलीत ठेवलेले एक पोलादी कपाट जेवढे रक्षण करील, तेवढे कोणताही स्कॅनर करणार नाही.

अशा कार्याला पूर्वोदाहरणे आहेत. राजा दीनदयाळ यांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली मिळविल्या, म्हणून त्या आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत. पण दीनदयाळ हे निजामाच्या दरबारचे नामांकित छायाचित्रकार. गावोगावच्या स्टुडिओंचे काय? त्याचे उत्तर तामिळनाडूत मिळते. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतील संशोधकांनी ब्रिटिश लायब्ररीच्या सहाय्याने तेथील लहान-मोठ्या गावांतील जुन्या स्टुडिओंचा शोध घेतला, संग्रहांच्या प्रती घेतल्या आणि कौटुंबिक छायाचित्रे ही इतिहासाची साधने आहेत हे दाखवून दिले. तामिळ मुलखात जे घडले ते झाडीपट्टीत घडू नये, असे कोणतेही कारण नाही.

एका बाबीचा मात्र आरंभीच विचार व्हावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, उलट करार नसल्यास, ज्याने ते काढवून घेतले त्याच्याकडे जातो. काच स्टुडिओची असली तरी चेहरा त्या कुटुंबाचा आहे. म्हणून प्रती घ्याव्यात, पण त्या प्रसिद्ध करण्यापूर्वी शक्य तेथे त्या घरच्यांना विचारावे आणि त्यांना एक प्रत आदरपूर्वक द्यावी. यातून नावेही मिळतील आणि विश्वासही.

आणि नावांचीच निकड सर्वांत मोठी आहे. चांगला स्कॅनर दहा वर्षांनीही विकत मिळेल, कदाचित स्वस्तात मिळेल. पण १९५० च्या आसपास काढलेल्या फोटोतील मंडळींना पाहून “हे कामठ्याचे पाटील, आणि ही त्यांची थोरली बहीण” असे मराठीत, हिंदीत किंवा पोवारीत सांगणारी माणसे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांची स्मृती ही या संग्रहाची खरी सूची आहे आणि तिची मुदत वाढवून मिळत नाही.

तेव्हा माझी विनंती तिघांना आहे. जिल्हा नियोजन समितीने मोठ्या यंत्राऐवजी एका सार्वजनिक ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात एक कॅमेरा-स्टँड, एक प्रकाशपाट, एक फ्लॅटबेड आणि काही पोलादी कपाटे यांसाठी माफक तरतूद करावी, आणि आठही तालुक्यांतील जुन्या स्टुडिओंची शिरगणती करवून घ्यावी. ज्या मोजक्या फिल्म्सना खरोखरच ड्रम स्कॅनरची योग्यता आहे, त्या निवडून मोठ्या शहरातील व्यावसायिकाकडे मजुरी देऊन करून घ्याव्यात. महाविद्यालयांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वही-पेन्सिल देऊन वृद्धांच्या घरी पाठवावे. आणि स्टुडिओवाल्या बंधूंनी यंत्राच्या किमतीची चौकशी तूर्त थांबवून, घरात जुनी गिऱ्हाइकांची वही कोठे आहे, तेवढी शोधून काढावी. ती रद्दीत जाऊ देऊ नये, कोणाला उसनी देऊ नये. तिच्या प्रत्येक पानाचा फोटो आजच मोबाइलवर काढून ठेवावा. या कामाला एक रुपयाही लागत नाही आणि आरंभ येथूनच व्हावयास हवा.