बाळंतपणानंतर आईला कोण विचारतं?

अमेरिकेत बाळ जन्मल्यावर दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान काही आयांच्या घरी एक प्रश्नावली येते. जन्मदाखल्यांच्या नोंदींमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं निवडतात. आधी टपाल येतं, उत्तर आलं नाही तर फोन. तुमची मुलगी किंवा सून न्यू जर्सीत बाळंत झाली असेल, तर तिलाही असं पत्र आलं असेल. या सर्वेक्षणाचं नाव 'प्राम्स'. ते १९८७ मध्ये सुरू झालं, कारण त्या काळात तिथला बालमृत्युदर अपेक्षेइतक्या वेगानं कमी होत नव्हता आणि कमी वजनाच्या बाळांचं प्रमाणही हलत नव्हतं.

२०२५ च्या सुरुवातीला ही माहिती गोळा करणं थांबलं. एप्रिलमध्ये तिथल्या केंद्रीय रोग नियंत्रण संस्थेत मोठी नोकरकपात झाली आणि हे काम पाहणाऱ्या पथकालाच रजेवर पाठवण्यात आलं.

तुम्ही म्हणाल, दवाखान्यात सगळ्या नोंदी असतात, मग पुन्हा आईला कशाला विचारायचं? रक्तदाब, हिमोग्लोबिन, सिझेरियन की नॉर्मल, हे कागदावर सापडतं. पण गरोदर राहण्याआधी ती फॉलिक अ‍ॅसिड घेत होती का, नवरा मारतो का, बाळाला उताणं झोपवते की पालथं, पहिल्या तपासणीला उशीर का झाला, हे फक्त तीच सांगू शकते. डॉक्टरांनी काय विचारलं नाही, हेही तीच सांगते. आम्हा डॉक्टरांना ते ऐकायला फारसं आवडत नाही, पण सर्वेक्षणाचा खरा उपयोग तिथेच आहे.

२०१८ च्या प्राम्समध्ये बाळंतपणानंतर साधारण आठपैकी एका आईनं नैराश्याची लक्षणं असल्याचं सांगितलं. गरोदरपणातल्या तपासणीत आपल्याला मनःस्थितीबद्दल कुणी विचारलंच नाही, असं पाचपैकी एकीचं म्हणणं होतं. दवाखान्याच्या केसपेपरवर हा आकडा कधीच सापडला नसता.

अशा पाहणीला मर्यादाही आहेत. पत्ता बदललेल्या, भाषा न येणाऱ्या, दोन नोकऱ्या करणाऱ्या बाया उत्तर देत नाहीत, आणि धोका बहुधा त्यांनाच जास्त असतो. म्हणून अनेक राज्यं कमी वजनाची बाळं झालेल्या आयांना मुद्दाम जास्त संख्येनं निवडतात. तरी फट राहतेच.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रातला मातामृत्युदर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. ही चांगली कामगिरी आहे. मात्र हा दर मोजताना प्रसूतीनंतरचे ४२ दिवसच धरतात. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या ठरलेल्या घरभेटीही ४२ व्या दिवशी संपतात. जुन्या सव्वा महिन्याच्या हिशेबाशी हे जवळपास जुळतं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आयांना विचारतात खरं, पण मागच्या पाच वर्षांतल्या बाळंतपणांबद्दल. चार वर्षांपूर्वी रात्री रडू येत होतं का, हे कुणाला नीट आठवणार?

अमेरिकेत वर्षभरापर्यंतचे मृत्यू तपासले जातात. २०१७ ते २०१९ च्या तिथल्या तपासणीत गरोदरपणाशी संबंधित सुमारे ३० टक्के मृत्यू ४२ दिवसांनंतरचे निघाले, आणि सर्वांत मोठं मूळ कारण होतं मानसिक आजार, त्यात आत्महत्या आणि व्यसनातून झालेले मृत्यू आले. हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा आजारही कधी कधी उशिरा उघडकीला येतो. धाप लागते, पाय सुजतात, आणि घरचे म्हणतात, "बाळंतिणीला एवढं होतंच."

माझ्या मते आपल्याकडे अशी स्वतंत्र प्रश्नावली हवी, तीही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. त्या सुमाराला बाळाला लसीसाठी आणतातच. आई शेजारीच उभी असते, पण वजन बाळाचं होतं, प्रश्नही बाळाबद्दलच. तिला मात्र सासूबाईंपासून थोडं बाजूला घेऊन विचारावं लागेल, नाहीतर "सगळं ठीक आहे" हेच उत्तर मिळेल.

तोवर तुमच्या घरात बाळंतीण असेल तर सहाव्या महिन्यातही तिची विचारपूस करा. दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, बाळ झोपूनही तिला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जीव देण्याचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, आडवं पडल्यावर धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तिला एकटं न सोडता त्याच दिवशी, लगेच रुग्णालयात न्या. आणि बाळ किती महिन्यांचं आहे, हे तिथल्या डॉक्टरांना आपणहून सांगा.