पोपट झाला

मायकल क्रायटनच्या ‘नेक्स्ट’ या कादंबरीत जेरार्ड नावाचा एक करडा आफ्रिकी पोपट आहे. त्याच्या अंगात माणसाची जनुकं घातलेली आहेत. त्यामुळे हा पक्षी नुसता विठू-विठू करत बसत नाही; घरातल्या मुलाला गणिताचा गृहपाठ सोडवून देतो आणि घरधन्याच्या भानगडीचे आवाज हुबेहूब काढून त्याच्या बायकोला ऐकवतो. याच कादंबरीत डच आणि फ्रेंचमधून शिव्या हासडणारा एक ओरांगउटान आहे. शिवाय डेव्ह नावाचा अर्धा चिंपांझी, अर्धा माणूस असा पोरगा आहे. त्याला शाळेत घालतात आणि चौकशा करणाऱ्यांच्या तोंडावर एका खोट्या आजाराचं भारदस्त नाव फेकतात.

पुस्तक वाचलेल्या माणसाला विचारा, काय लक्षात राहिलं? मी पाच-सहा जणांना विचारलंय. सगळ्यांना पोपट आठवतो. एकालाही फ्रँक बर्नेट आठवला नाही.

फ्रँक बर्नेट हा कर्करोगाचा रुग्ण. विद्यापीठाच्या रुग्णालयात तो बरा होतो, तरी डॉक्टर त्याला वर्षानुवर्षं तपासणीला बोलावत राहतात. तपासणी कसली, त्याच्या पेशी मोलाच्या निघालेल्या असतात आणि त्या एका कंपनीच्या खिशात गेलेल्या असतात. बर्नेट कोर्टात जातो, हरतो. पुढे कंपनीकडचा पेशींचा साठा नासतो. तेव्हा कंपनीचे वकील म्हणतात, या पेशी आमच्या मालकीच्या आहेत. मग त्याच पेशी ज्यांच्या अंगात वाहतायत ती बर्नेटची मुलगी आणि तिचं पोर यांच्याकडूनही त्या काढून घ्यायचा आम्हाला हक्क आहे. आणि एक भाडोत्री माणूस त्या आठ-दहा वर्षांच्या पोराच्या मागे सुटतो.

जनुकांवर लिहिलेल्या थरारकथा मी रॉबिन कुकपासून वाचत आलोय, पण याच्याइतकी थंड, कायदेशीर आणि म्हणून हादरवणारी कल्पना मला दुसरीकडे सापडलेली नाही. ज्या लेखकाच्या हाती ही कल्पना लागते, त्याने दुसरं काही लिहू नये. क्रायटनने काय केलं? तिच्या शेजारी पोपट बसवला. आपला पोपट केला, असं आपण मराठीत म्हणतो ते हेच.

बर्नेट काही क्रायटनच्या डोक्यातून निघालेला नाही. जॉन मूर नावाचा खराखुरा माणूस होता. १९७६ साली त्याला रक्ताचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात त्याची प्लीहा काढली. पुढची सात वर्षं हा गृहस्थ रक्त, मज्जा, वीर्य, जे मागतील ते द्यायला सिॲटलहून लॉस एंजेलिसला चकरा मारत राहिला. आपल्या तब्येतीची एवढी काळजी घेणारा डॉक्टर मिळाला म्हणून तो खूश असणार. १९८३ मध्ये त्याच्यापुढे एक संमतिपत्र आलं: या पेशींपासून जे काही निर्माण होईल त्यावरचे माझे हक्क मी ‘देतो’ किंवा ‘देत नाही’. एका भेटीत मूरने ‘देत नाही’भोवती वर्तुळ काढलं. घरी पोचतो तर डॉक्टरांचा फोन: तुमची काहीतरी चूक झाली, चुकीच्या शब्दाला वर्तुळ केलंत. इथे त्याच्या डोक्यात पाल चुकचुकली. त्याने वकील गाठला. तेव्हा कळलं की त्याच्या प्लीहेपासून तयार केलेल्या पेशींच्या वंशावळीचं पेटंट आधीच मागितलेलं होतं. पेशींना नाव दिलं होतं ‘मो’. मूर आडनावातलं अर्धं का होईना, त्याच्या वाट्याला आलं म्हणायचं.

जुलै १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डॉक्टरने आपला आर्थिक स्वार्थ रुग्णाला सांगायला हवा होता, तेवढ्यापुरता दावा चालेल. पण शरीराबाहेर काढलेल्या पेशींवर मूरची मालकी? ती नाही. तशी मालकी मान्य केली तर संशोधनात अडथळा येईल. पेशी ज्याच्या अंगातून काढल्या त्याचा हक्क नाही, काढणाऱ्याला मात्र पेटंट! चोरीच्या मालाची पावती चोराच्याच नावाने फाडायची, असा हा हिशेब.

आणि त्याच १९९० साली ‘ज्युरासिक पार्क’ ही कादंबरी बाजारात आली.

जगाने कशाकडे पाहिलं, ते वेगळं सांगायला नको. राळेत अडकलेला डास, बेडकाचा डीएनए, आणि स्वयंपाकघरात शिरलेले दात. गंमत अशी की ती कादंबरी नीट वाचली तर तिथेही डायनासोर पिंजऱ्यातून सुटतात ते एका करारापायी. नेड्री नावाचा संगणकवाला ठरलेल्या पैशात न बसणारं जादा काम करून वैतागलेला असतो. कंपनी बिल वाढवून द्यायला तयार नसते, वर धमक्या देते. म्हणून तो दुसऱ्या कंपनीला भ्रूण विकायला निघतो आणि कुंपणाची वीज बंद करतो. म्हणजे डायनासोरने माणसं खाल्ली याचं मूळ कारण थकलेलं बिल. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कंत्राटदाराला हे कथानक चटकन कळेल. पण त्यावरचा सिनेमा पाहून थिएटरबाहेर पडलेल्या एकाने तरी ‘बिल वेळेत द्यायला हवं होतं’ असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. सगळे म्हणत होते, माणसाने देव व्हायला जाऊ नये.

हे ‘देव व्हायला जाऊ नये’ प्रकरण माझ्या डोक्यात जातं. दोनशे वर्षं झाली, १८१८ मध्ये मेरी शेलीचं फ्रँकेनस्टाइन प्रसिद्ध झाल्यापासून प्रत्येक लेखक तीच घंटा वाजवतोय. ही घंटा कंपन्यांच्या फार सोयीची आहे. लोक आकाशाकडे बघत देवाची माफी मागत असले, की खाली टेबलावर कोण कशावर सही घेतंय ते कुणाला दिसत नाही.

क्रायटनला हे कळत नव्हतं असं नाही. तो हार्वर्डचा डॉक्टर होता. ‘नेक्स्ट’च्या शेवटी त्याने स्वतंत्र टिपण जोडून मागण्या मांडल्या: जनुकांची पेटंटं बंद करा, मानवी ऊतींच्या वापराचे नियम स्पष्ट करा, जनुकीय चाचण्यांची माहिती उघड करायला भाग पाडा, संशोधनावर सरसकट बंदी घालू नका, सरकारी पैशातून झालेलं संशोधन विद्यापीठांना विकू देणारा १९८० चा अमेरिकी कायदा रद्द करा. पाचही मागण्यांवर मी डोळे मिटून सही करीन. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकांच्या खटल्यात, निसर्गात जसा आहे तसा डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून पेटंट मिळणार नाही, असं एकमताने सांगितलं. ते ऐकायला क्रायटन नव्हता. २००८ मध्येच तो वारला होता.

मग पोपट कशाला? ओरांगउटान कशाला? आपल्यावर टीका करणाऱ्या एका पत्रकाराच्या नावाशी मिळतंजुळतं नाव एका बालकावर अत्याचार करणाऱ्या पात्राला द्यायचा पोरकट सूड कशाला? टिपणातल्या माणसाला धोका कागदात दिसतो आणि कादंबरीतला माणूस प्राणिसंग्रहालय भरवतो. हा एकच माणूस आहे, यावर माझा विश्वास बसत नाही. बसला तर राग आणखी वाढतो. म्हणजे त्याला सत्य ठाऊक होतं. फक्त ते विकलं जाईल याची खात्री नव्हती.

‘अहो, करमणुकीची कादंबरी आहे, एवढं काय मनावर घेता?’ असं मला एक संपादकमित्र म्हणाला. मनावर क्रायटननेच घ्यायला लावलंय. हवामानबदल म्हणजे बागुलबुवा अशी कादंबरी लिहिल्यावर २००५ मध्ये याच लेखकाला अमेरिकी सिनेटच्या समितीने साक्षीला बोलावलं होतं. कादंबरीकाराला! तिथे जाताना ‘मी फक्त करमणूक करतो’ असं तो म्हणाला नाही. मग त्याच्या पोपटालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचा आम्हाला हक्क आहे.

या पोपटांनी आपल्या डोक्याचं काय केलंय ते चीनच्या प्रकरणात दिसलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये ह जियान्क्वे या शास्त्रज्ञाने जाहीर केलं की भ्रूणावस्थेतच जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. जगभर मथळे झळकले: डिझायनर बाळं, नवी मानवजात, फ्रँकेनस्टाइन. (तो बिचारा प्रत्येक वेळी हजर असतो.) वडील एचआयव्हीबाधित असलेल्या जोडप्यांपुढे जे संमतिपत्र ठेवलं होतं, त्यावर प्रयोगाचं नाव होतं ‘एड्स लसविकास प्रकल्प’. लस! सगळा गुन्हा या एका शब्दात आहे. पुढे शेन्झेनच्या कोर्टाने त्याला तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड केला, पण त्या संमतिपत्रावर कादंबरी काही आली नाही.

आपल्याकडे यावं. माझ्या मामाची शेती यवतमाळकडे आहे. मार्च २००२ मध्ये जनुक बदललेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्याआधीपासून शहरातले लोक एका भुताला घाबरत होते: टर्मिनेटर. एकदा पेरलं की पुढचं बी वांझ. १९९८ मध्ये त्याचं पेटंट मंजूर झालं होतं हे खरं. बाजारात ते बियाणं कधीही आलं नाही हेही खरं. पण नावच असं की सिनेमा आपोआप डोळ्यापुढे उभा राहतो. त्या भुतावर परिसंवाद झाले, लेख झाले. एक लेख माझाही होता, हे मान्य करतो.

आणि बियाण्याच्या पाकिटासोबत काय येत होतं? ४५० ग्रॅम बीटी सरकीबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटी सरकीची पुडी. ती शेताच्या कडेने लावायची. कारण साधं. बोंडअळीत एखादी बीटीचं विष पचवणारी निघते. तिला जोडीदार तसाच पचवणारा मिळाला तर सगळी पिलावळ पचवणारी होते. कडेला बिगर-बीटी कापूस असला तर तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांच्या पतंगांशी संकर होतो आणि विष पचवणाऱ्यांचं फावत नाही. कडेचा तो कापूस अळ्यांसाठी सोडायचा. मामाला मी विचारलं, ती पुडी लावली होती का? मामा म्हणाला, “अरे बाप्पा, ते पुडकं त बांधावरच रायलं.” त्याचं काय चुकलं? कर्ज काढून पेरणी करणाऱ्याने कडेच्या तासांतला कापूस अळीला दान करावा, अशी योजना आखणाऱ्याने कधी बँकेचा हप्ता भरला नसणार. समजावून सांगायला कुणी आलं नाही. पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरात सगळं होतं, म्हणजे कर्तव्य पार पडलं होतं.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस पोखरला. बीटीची दोन-दोन जनुकं असलेला कापूस. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि मजूर मेले. या शोकांतिकेत प्रयोगशाळेतून सुटलेला राक्षस नाही, वेडा शास्त्रज्ञ नाही. बांधावर पडलेली १२० ग्रॅमची पुडी आहे. क्रायटनच्या प्रकाशकाने हे कथानक पहिल्या पानावर परत पाठवलं असतं.

जनुकांना हात लावणं मुळातच पाप आहे, असं माझं म्हणणं आहे अशी कुणाची समजूत झाली असेल तर तीही काढून टाकतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मज्जेतल्या मूळपेशी बाहेर काढून, त्यांत क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या तंत्राने नेमका एक काप घेऊन, जन्मानंतर बंद पडलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करायचं. काय देखणी गोष्ट आहे! माणसाने देव व्हायला जाऊ नये म्हणणाऱ्याने एकदा सिकल सेलच्या कळा आलेला मुलगा पाहावा. वेदनेने तो कसा पिळवटतो ते पाहावं. गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये अशी मुलं पाहायला फार हिंडावं लागत नाही.

अमेरिकेत २०२३ मध्ये या उपचाराची जाहीर झालेली किंमत होती २२ लाख डॉलर. तेव्हाच्या आपल्या पैशात अठरा कोटींच्या वर. धडगावच्या आश्रमशाळेतल्या पोरासाठी हा आकडा आणि डायनासोर यात जास्त काल्पनिक काय, ते तुम्हीच ठरवा. २०२१ मध्ये स्नायू झिजणाऱ्या आजाराच्या बाळांना द्यायच्या जनुकीय उपचाराच्या इंजेक्शनसाठी सोळा-सोळा कोटींची वर्गणी मोबाइलवर फिरत होती, ती तुम्हीही पुढे पाठवली असेल. मीही पाचशे रुपये टाकले होते. इंजेक्शनची किंमत अशी का, हे आपल्यापैकी कुणी विचारलं? आपल्याला विचारायची सवयच नाही. जनुकांची गोष्ट म्हटली की जंगलातून काहीतरी धावत येणार, एवढंच आपल्याला शिकवलंय.

मागच्या वर्षी माझं पित्ताशय काढलं. दाखल करून घेताना काउंटरवरच्या मुलीने कागदांचा गठ्ठा सरकवला आणि पेन्सिलीने फुल्या मारत गेली. “काका, इथे, इथे आणि मागच्या बाजूला.” पोटात कळ होती, मी केल्या सह्या. घरी आल्यावर एका रात्री ‘नेक्स्ट’ पुन्हा उघडलं आणि बर्नेटपाशी थांबलो. चौथ्या की पाचव्या कागदावर ‘काढलेला अवयव’ आणि ‘संशोधन’ असे शब्द ओझरते दिसल्याचं आठवत होतं. मध्ये काय लिहिलं होतं ते आठवेना.

टाके काढायला गेलो तेव्हा काउंटरवर जाऊन म्हटलं, मी सही केलेल्या कागदांची प्रत हवी आहे.

“का, काही प्रॉब्लेम झाला का?”

“नाही. वाचायचेत.”

ती आत जाऊन कुणाला तरी विचारून आली. “सर म्हणतायत, इन्शुरन्सला लागणार असेल तर अर्ज करा. नुसतं वाचायला देत नाही.”

माझ्या मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, आजोबा, आटपा लवकर.