रुमालाखाली

वाशीच्या घाऊक फळबाजारातली हापूसची एक जुनी चाल इथल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल पडतो आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरतो. किती बोटे, कितीदा, ते त्या दोघांना माहीत. ज्याचा माल, तो त्या वेळी इकडे पावसला कलमांखाली. त्याला भाव कळतो तो पट्टी हातात पडल्यावर.

अशा संगनमताला बोलीतल्या इंग्रजीत ‘कहूट्स’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळलेला शब्द. कोणी त्याचे मूळ फ्रेंच झोपडीत शोधतो, कोणी सैन्याच्या तुकडीत. पक्के काहीच नाही. मला झोपडी पटते, आत कोण बसलेय ते बाहेरून दिसत नाही. आपल्या साटंलोट्याला मात्र आडोसाही लागत नाही. यांची मुलगी त्यांच्या घरी, त्यांची यांच्या घरी, सगळे मांडव घालून, वाजतगाजत. दोन्ही घरांचा खर्च वाचला. मुलींना विचारतो कोण?

दलालाच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. पण मोहोर यायच्या आधी फवारणीसाठी उचल त्याच्याकडूनच घेतलेली असते, मग पेटी त्याच्याच गाळ्यावर जाते आणि भाव विचारायला तोंड राहत नाही. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाज्या बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली, अडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली. वटहुकमाने उचल थोडीच फिटते!

२०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी कर्नाटकातला आंबा ‘रत्नागिरी’ छापलेल्या खोक्यात जातो, ही ओरड दर हंगामात आहेच. ओरडणाऱ्यांत आपण पुढे. त्या खोक्याला लागलेला एखादा हात इथलाही असतो, हे मात्र आपण माजघरातच बोलतो. माझ्या मते रुमालापेक्षा हे वाईट. रुमालात निदान दोघेच असतात.

यंदाच्या अंकात आंब्यावर तीन लेख आहेत, तिन्ही बागायतदारांनीच लिहिलेले. जाहिरातदारांचे आभार शेवटच्या पानावर मानले आहेत. त्यांच्यापैकी एकाने पूर्ण पानाच्या जाहिरातीबरोबर स्वतःवरचा लेखही पाठवला होता. जाहिरात अर्ध्या पानावर आली आहे.