पूर्वपक्षाची कैफियत

निबंधकाराच्या वाक्चातुर्याची परीक्षा बहुधा तो स्वतःचे मत किती जोरकसपणे मांडतो यावरून केली जाते. परंतु जो प्रतिपक्ष त्या पानावर हजर नाही व ज्याला तोंड उघडण्याची मुभा नाही, त्याची कैफियत हा लेखक कितपत इमानाने लिहून घेतो, याकडे परीक्षकाने आधी पाहावे, असे प्रस्तुत स्तंभलेखकाचे मत आहे. आपल्या भाष्यकारांचा तर हा शिरस्ताच होता. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांचे सविस्तर खंडन केल्यावर, प्रमुख मल्ल चीत झाला की इतरांशी निराळी झोंबी घेण्याचे प्रयोजन उरत नाही, अशा आशयाच्या ‘प्रधानमल्लनिबर्हण’ न्यायाचा हवाला दिला आहे. या न्यायात एक अट मात्र गृहीत आहे, ती ही की निवडलेला मल्ल खरोखरीच प्रमुख असावा.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केलेल्या ‘निबंधमाले’चे ८४ अंक चाळताना ही अट वारंवार आठवते. उपवाक्यांवर उपवाक्ये रचीत जाऊन शेवटच्या शब्दात नांगी मारण्याची त्यांची हातोटी अशी विलक्षण होती, की त्यांचे मत न पटणारा वाचकही वाक्य संपेपर्यंत बैठक सोडीत नाही. परंतु जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा परामर्श घेताना शास्त्रीबुवांनी व्याकरणाच्या चुकांची जी यथेच्छ थट्टा केली, तिने जोतीरावांचा मूळ आरोप तिळमात्र हलला नाही. शेतकऱ्याच्या घरातला पैसा कोणत्या मार्गाने जातो व कोणाकडे जातो, या प्रश्नाला विभक्तिप्रत्ययाच्या चुकीने उत्तर कसे मिळावे? उपहासाने आपल्या बाजूची मंडळी एकवटतात, टाळ्याही मिळतात. पलीकडचा मनुष्य मात्र होता तेथेच राहतो, किंबहुना दोन पावले मागेच सरतो.

लोकमान्य टिळकांची युक्ती निराळी, आणि माझ्या मते अधिक मुरब्बी. पुण्यातील प्लेगचा बंदोबस्त व तो करणारा अधिकारी रँड याच्या खुनानंतरची धरपकड या वातावरणात, १८९७ च्या जुलैमध्ये, ‘केसरी’ने सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असा मथळा देऊन अग्रलेख छापला. मथळा प्रश्नार्थक ठेवल्याने फैसला वाचकाच्या हाती जातो, आणि जो फैसला मनुष्य स्वतः करतो त्याचा त्याला सहसा पश्चात्ताप होत नाही. गंमत अशी की त्या साली टिळकांवर राजद्रोहाची फिर्याद झाली ती या अग्रलेखावरून नव्हे, तर १५ जूनच्या अंकातील शिवोत्सवविषयक मजकुरावरून. त्यात एक कविता शिवाजीमहाराजांच्या मुखी घातलेली होती. दुसऱ्याच्या तोंडून वदविणे हेही अनुनयाचे जुनेच साधन, पण न्यायासनाने ते ओळखले.

तथापि या सर्वांहून मला विस्मय वाटतो तो बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या १८८२ सालच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकाचा. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली. पण दरम्यान ‘पुणे वैभवा’सारख्या पत्रांना स्त्रीजातीच्या दुर्गुणांवर झोड उठविण्याचे निमित्त मिळाले. ताराबाईंनी या टीकाकारांचा एखादा दुबळा शब्द पकडला नाही. स्त्रीनिंदेचा जो संस्कृत श्लोक पंडितांच्या जिभेवर होता तोच पुढे घेतला, त्यातील साहस, कपट, संशय इत्यादी दोषांची यादी जशीच्या तशी मान्य करून एकेक कलम वाचले, आणि प्रत्येक कलमाखाली आरोपी म्हणून पुरुषाला उभे करून त्याचीच जबानी घेतली. आरोप शास्त्रातला, भाषा माजघरातली, आणि समोरचा ‘तुम्ही’ असा की त्याला मान वळविता येऊ नये! प्रारंभी आपण घरबंदीत वाढलेली अल्पमती बाई आहोत, अशी नम्रता त्या धारण करतात; विद्वानाने असे म्हटले असते तर तो रिवाज ठरला असता, येथे ती पुढच्या माऱ्याची तयारी आहे, कारण अल्पमतीलाही जे दिसते ते तुम्हांला का दिसू नये, हा प्रश्न त्यातून न विचारता उभा राहतो. सगळीच पाने या तोलाची नाहीत. मध्येच संताप अनावर होतो, विषय भरकटतो, आणि शास्त्रीबुवांच्या नजरेला खटकतील अशी वाक्येही पुष्कळ सापडतात.

या युक्तिवादाने कोणाचे मतपरिवर्तन झाले, असे विचारले तर उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. पुस्तकावर टीकाच अधिक झाली. जोतीरावांना १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घ्यावी लागली, आणि पुढे स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापून काढीपर्यंत वाङ्मयेतिहासाच्या दप्तरी त्याची नोंद जवळजवळ नव्हती. तेव्हा ज्यांच्या गळी ते उतरावयाचे होते त्यांच्या गळी ते त्या काळी उतरले नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण त्या यादीतील एकाही कलमाचे खंडन ताराबाईंच्या टीकाकारांपैकी कोणी त्यांच्याइतक्या चिकाटीने केल्याचे माझ्या वाचनात नाही. आणि आजचे आमचे स्तंभलेखक, प्रस्तुत लेखक धरून, विरोधकाच्या भाषणातले सर्वांत खुळचट वाक्य हुडकण्यातच सबंध आठवडा घालवितात.