धड्यातल्या मुलीला बोलू द्या



गेल्या महिन्यात आमची शेजारीण तिच्या चर्चमधल्या मुलांच्या वर्गाचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. विषय होता भारतातील मिशनकार्य. "नावांचे उच्चार तेवढे तपासून दे," एवढीच तिची विनंती.

अमेरिकन चर्चमध्ये मिशन-शिक्षणाचा हा प्रकार जुना आहे. १९०१ पासून इथल्या प्रॉटेस्टंट स्त्रियांच्या मिशन मंडळांनी मिळून दरवर्षी एक अभ्यासपुस्तक काढले. १९०२ चे, कॅरोलाइन मेसन यांचे 'लक्स क्रिस्टी', भारतावर होते. शेजारणीच्या पुस्तकाचा साचा सोपा: एक गोष्ट, एक नकाशा, एक प्रार्थना आणि शेवटी पैशांचा डबा.

उच्चार बहुतेक बरोबर होते. चपातीच्या कृतीत बेकिंग पावडर होती, तेही चालून गेले असते. खटकले ते वेगळेच. पुस्तकात माणसे दोनच प्रकारची: हातपंपाशी उभी असलेली मुलगी आणि तिच्या गावाला मदत करणारे अमेरिकन कुटुंब. मुलगी एक वाक्यही बोलत नाही. तिची शिक्षिका नाही, गावातली नर्स नाही. इतकेच काय, एकही भारतीय ख्रिस्ती माणूस नाही! नगरला अमेरिकन मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. पुढे ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची गाणी मराठीत लिहिली, कीर्तने केली. यातले काही ठाऊक नसलेल्या मुलाला वाटणार, की तिकडे कुणी स्वतः काही करतच नाही.

काही मित्र म्हणतात, असले साहित्य बंदच व्हावे. मला तसे वाटत नाही. कारण आनंदीबाई जोशी. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांना लिहिले. वाइल्डरांनी धर्मांतराची अट सुचवली, पण हा पत्रव्यवहार प्रिन्स्टनहून निघणाऱ्या त्यांच्या 'मिशनरी रिव्ह्यू'त छापला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. १८८३ मध्ये आनंदीबाई धर्म न बदलता इथे आल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. संपादकाचा हेतू काहीही असो, मागणाऱ्याचे स्वतःचे शब्द छापले गेले, म्हणून वाचणारी बाई थेट माणसापर्यंत पोचली.

शेजारणीला हे सांगितले. चित्रे मुख्य कार्यालयातून छापून येतात, ती बदलता येणार नाहीत, असे ती म्हणाली. पण त्या गावच्या शाळेतून एक पत्र मागवून वर्गात वाचायचे तिने कबूल केले.

इथे मी थांबले असते तर समाधानाने झोपले असते. पण दोन वर्षांपूर्वी आपल्याच मंडळाच्या दिवाळीला एका आश्रमशाळेसाठी निधी जमवला, त्याचा स्लाइड शो मी केला होता. पहिल्याच स्लाइडवर अनवाणी, विस्कटलेल्या केसांची मुलगी. तिचे नाव विचारायचे मला सुचलेही नाही. तो फोटो तिथे लावलेला तिला किंवा तिच्या आईला आवडला असता का, हेही नाही. सभागृह हळहळले, चेकबुके निघाली. चित्र जितके केविलवाणे तितका डबा लवकर भरतो, हे चर्चला जसे कळते तसे आपल्यालाही कळते.

म्हणून यंदाच्या दिवाळीसाठी माझी सूचना अशी: पहिली स्लाइड शाळेतल्या मुलींनी लिहिलेल्या पत्राची असावी, त्यांच्या शब्दांत, आपल्याविषयीच्या तक्रारींसकट. आणि आपण त्यांच्याविषयी जे दाखवणार, ते आधी त्यांना पाठवावे. त्या नको म्हणाल्या तर काढावे. कदाचित पैसे कमी जमतील. तेवढी तूट आपण आपल्या खिशातून भरून काढू शकतो. माझा चेक तयार आहे.