मोफत ज्ञान आणि विकतचा दिखावा

एका मराठी शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीस नुकताच उपस्थित राहण्याचा योग आला. विषय होता प्राथमिक वर्गांसाठी ‘डिजिटल संच’ खरेदी करण्याचा. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने गुळगुळीत माहितीपत्रके वाटली, पडद्यावर नाचरी चित्रे दाखविली आणि किंमत सांगितली. ती पालकांच्या शुल्कातूनच भागवावी लागणार, हे उघड होते. ‘हे सारे इंटरनेटवर मोफत मिळत नाही काय?’ असे मी विचारताच एक सन्माननीय सदस्य हसून म्हणाले, ‘फुकट ते पौष्टिक नसते!’

या वाक्यातच सारे दुखणे आहे. १९६७ पासून कार्यरत असलेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके आज कोणालाही संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश एका कळीच्या अंतरावर आहे. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ मंच २०१७ पासून उपलब्ध आहे. ही सामग्री फुकट कोणी म्हटली? तिचे मोल करदात्यांनी आधीच चुकते केले आहे. त्याच पालकांच्या खिशात दुसऱ्यांदा हात घालण्यास व्यवहारचातुर्य म्हणावयाचे काय?

आणि विकत घेतलेले टिकाऊ असते, हा तरी समज खरा आहे काय? ज्या ‘बायजूज’चे मूल्य २०२२ साली बावीस अब्ज डॉलर सांगितले जात होते, त्याच कंपनीवर २०२४ साली दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

मोफत साधनांनी धडा समृद्ध होतो म्हणजे नेमके काय होते? इयत्ता चौथीतील शिवछत्रपतींचा इतिहास घ्या. अफजलखान वाईस तळ देऊन बसला आणि महाराजांनी त्यास जावळीत ओढले, हे वाक्य मुले पाठ करतात. पण का ओढले? ‘इस्रो’चे ‘भुवन’ हे संकेतस्थळ उघडून शिक्षकाने वाईची सपाटी आणि प्रतापगडाभोवतीचे घनदाट डोंगर शेजारी शेजारी दाखवावेत. हत्ती, तोफा आणि घोडदळ या खोऱ्यात कसे अडकेल, हे नऊ वर्षांचे मूल स्वतःच सांगेल. १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख मग घोकावी लागणार नाही. विज्ञानाचेही तसेच. टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडविणाऱ्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर कृती आणि पुस्तके खुली आहेत. लागतात त्या काड्यापेट्या आणि सायकलच्या नळीचे तुकडे. ‘स्टोरीविव्हर’वरील बालकथांचा परवाना तर भाषांतरासही मोकळीक देतो. मेळघाटातील गुरुजींना तीच गोष्ट कोरकूत उतरविता येईल. विकतच्या कोणत्या संचात ही मुभा आहे?

अर्थात, जे जे मोफत ते ते ग्राह्य, असे नव्हे. परदेशी संकेतस्थळांवरील कित्येक नकाशांत जम्मू-काश्मीरची सीमा भलतीच रेखाटलेली असते. तेथे भारतीय सर्वेक्षण विभागाचाच नकाशा प्रमाण मानला पाहिजे. चित्रफितींमध्ये मध्येच उगवणाऱ्या जाहिराती लहान मुलांपुढे येता कामा नयेत. म्हणजेच आदल्या दिवशी बसून निवड करणारा शिक्षक हवा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत क्यूआर कोडचा उपयोग करणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या कल्पकतेस. परंतु नाना तक्ते, अहवाल आणि माहिती भरण्यातच गुरुजींचा दिवस सरत असेल, तर निवड करणार कोण? शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांस मनाई केली आहे. ती पाळली जाते की नाही, हे कोणत्याही शाळेत जाऊन विचारावे. संचांवर खर्चावयाचे पैसे एखादा लिपिक नेमण्यास वापरले, तर अधिक पदरात पडेल.

आमच्या समितीचा निर्णय पुढील बैठकीवर ढकलला गेला आहे. त्या दिवशी मी जावळीच्या खोऱ्याचे ते चित्र छापून नेणार आहे आणि सन्माननीय सदस्यांसमोर ठेवून चौथीच्या एका विद्यार्थ्यालाच त्यावर बोलावयास सांगणार आहे.